अंगठ्याची तार

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. माझ्याकडे काठी नाही की शिट्टी नाही. एक पडदा आहे, एक भोंगा आहे आणि पाच बारीक तारा आहेत. सध्या मी एका रुग्णालयाच्या तळघरात मोडक्या खाटांशेजारी उभा आहे आणि माझ्या गळ्यात 'बिघडलेले' अशी चिठ्ठी लटकते आहे. मला राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आधी माझे काम समजून घ्या. तुमच्या कानाखालून एक नस निघते आणि गालभर पसरते. तुम्ही डोळे मिटता, हसता, पाणी पिताना ओठ घट्ट धरता, ते सगळे तिच्या जिवावर. दिसायला ती दोऱ्याएवढी. गालात गाठ झाली की डॉक्टरांना तिच्या अगदी जवळून सुरी चालवावी लागते. अशा वेळी माझ्या चार तारा चेहऱ्याच्या स्नायूंत टोचलेल्या असतात. डॉक्टर बारीक सळीने जागा चाचपतात, सळीतून विजेचा इवलासा झटका जातो. तिथे नस असेल तर गाल थरारतो आणि मी 'टक टक टक' असा ओरडतो. म्हणजे थांबा, इथे कापू नका.

पाचवी तार अंगठ्याला असते. तिला कोणी मोजत नाही, आणि सगळे तिच्यावरच अवलंबून असते. भूल देताना स्नायू सैल करणारे औषध देतात. ते अंगात असेपर्यंत नसेला कितीही डिवचा, गाल हलत नाही आणि मी ओरडू शकत नाही. म्हणून मी दर पाच मिनिटांनी मनगटाला एक झटका देतो. अंगठा उडाला तर औषध उतरले, माझ्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवा. नाही उडाला तर ठेवू नका.

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे कानवाली ताई म्हणत, कारण त्यांचा एक कान सदैव माझ्याकडे असे. नव्या माणसाला त्या बजावत, "अंगठा झोपला की हा मुका. मग याची साक्ष धरायची नाही."

अकरा वर्षे आम्ही दोघांनी किती गाल राखले, कोण जाणे. सुरुवातीला माझे कोण कौतुक! पाहुणे आले की मोठे डॉक्टर माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेत. मग त्यांना शस्त्रक्रिया करताना गाणी ऐकण्याची सवय लागली आणि माझा आवाज कानाला खुपू लागला. "या कटकट्याचं तोंड बंद करा रे," ते म्हणाले. माझा आवाज शून्यावर गेला. पुढे कोणीतरी माझ्या पडद्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागले. तीन खोल्यांना मिळून एकच ताई उरल्या.

आणि मग त्या शिवणवाल्या मावशी आल्या. झोपण्यापूर्वी त्यांनी ताईंचा हात धरला. "मी तोंडात टाचण्या धरून काम करते गं. एका वेळी आठ. तेवढं जपा माझं."

"जपू आम्ही, मावशी," ताई म्हणाल्या.

अर्ध्यावर ताईंना शेजारच्या खोलीत बोलावणे आले आणि त्या गेल्या. तेवढ्यात मावशींचा खांदा जरासा हलला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सवयीने स्नायू सैल करणारे औषध पुन्हा दिले आणि कोणाला सांगितले नाही. टॉवेलाखाली माझ्या पडद्यावरची अंगठ्याची रेघ आडवी झाली. मी धोक्याचा भोंगा वाजवला, पण आवाज शून्यावर. मोठ्या डॉक्टरांनी एका फिकट दोऱ्याला सळी लावून पाहिली.

"यंत्र गप्प आहे. म्हणजे नस इथे नाही," ते म्हणाले आणि त्यांनी कापले.

मित्रांनो, मी गप्प नव्हतो. मला गप्प केले होते. आधी तोंड दाबायचे आणि मग त्याच्याच गप्पपणाचा दाखला द्यायचा, याला काय म्हणावे?

ताईंनी परत येऊन टॉवेल ओढला तेव्हा उशीर झाला होता. मोठ्या डॉक्टरांनी ती नस शिवली. पण नस कापडासारखी जुळत नाही. वर्ष लागते, आणि कधी पुरती जुळतच नाही.

मावशींना सांगण्यात आले, की जुने यंत्र होते, त्याने दगा दिला. मला तळघरात ढकलले.

दोन महिन्यांनी मावशी आल्या. अर्धा चेहरा ओघळलेला, एक डोळा पट्टीने मिटलेला. "मला ते मशीन बघायचंय," त्या म्हणाल्या. ताई त्यांना खाली घेऊन आल्या. त्यांनी मला सुरू केले आणि त्या दिवसाच्या रेघा काढून दाखवल्या.

"ही अंगठ्याची. बघा, अकरा दहाला झोपली. अंगठ्याची नस काही गालात नसते, मावशी. ती कापल्यामुळे झोपली नाही, औषध दिलं होतं. त्यानंतर याला काही सांगताच येत नव्हतं. आणि हे ओळखायला मी याच्याजवळ हवी होते. मी नव्हते. हे सगळं मी लिहून देणार आहे."

मावशींनी त्या आडव्या रेघेवरून बोट फिरवले. "माझं मशीन टाके सोडायला लागलं की मी आधी दोरा बघते, सुई बघते," त्या म्हणाल्या. "मशीनला शिव्या घालून मोकळी होत नाही."

मग त्यांनी पिशवीतून आठ टाचण्या काढल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या. चांगल्या बाजूला तीन राहिल्या. पाच खाली पडल्या. ताई उचलायला वाकल्या, तर मावशींनी त्यांना अडवले.

ताईंचा हात मग माझ्या गळ्यातल्या चिठ्ठीकडे गेला. "ती पण राहू दे," मावशी तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाल्या. "तू लिही, मी सही करते. ही ज्यांनी लावली, ते इथे येऊन स्वतःच्या हातानं काढतील."

मित्रांनो, तुमच्याजवळचा जो कोणी नेहमी बोलतो, तो एकाएकी गप्प झाला तर सुटलो म्हणू नका. त्याच्या तोंडावर तुमचा हात नाही ना, एवढे पाहा. माझ्या गळ्यात चिठ्ठी अजून आहे. ती काढायला कोणी आले, तर त्यांना चपला घालून या म्हणावे. माझ्या चाकाशी पाच टाचण्या पडल्या आहेत.