हशा उतरेपर्यंत

आरशाच्या कडेला उलटी ठेवलेली मिशी.

सेटवरची भिंत. तिला दार आहे, दाराला कडी आहे, कडीला कुलूप आहे. पलीकडे काहीच नाही.

पंखे बंद. फ्रिजची पिन काढायची. बांगड्या उतरवून ठेवायच्या. ज्याला खोकायचं आहे त्याने आत्ताच खोकून घ्यायचं.

"त्यांना ऐकू येत नाही म्हणून तर मी त्यांच्यासमोर बोलतेय."

शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे तो कोणाशी भांडत नाही.

दृश्य सतरा, दुरुस्ती. दृश्य सतरा, दुरुस्तीची दुरुस्ती. दृश्य सतरा, शेवटचं. दृश्य सतरा, खरंच शेवटचं.

शुकशुकाट.

सगळा घोळ या शुकशुकाटाचा होता. नाटक आजोबांनी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या अण्णांनी, लिहिलेलं. घरातल्या कटकटी ऐकायला नकोत म्हणून एक सासरा बहिरेपणाचं सोंग घेतो. मग सगळे त्याच्यासमोरच आपापली गुपितं बोलू लागतात, आणि बिचाऱ्याला ते मुकाट ऐकावं लागतं. चेहऱ्यावरची रेष हलवायची सोय नाही. एवढंच. एवढ्यावर लोक पोट धरधरून हसले. तो सासरा आजोबांच्या मुलाने, म्हणजे मामांनी, पांढरा विग लावून करायला घेतला आणि विगची गरज उरली नाही तोपर्यंत केला.

आता त्याचा सिनेमा होत होता. पटकथा भाचीची. मामांनाच घ्यायचं हा हट्टही भाचीचाच. दिग्दर्शकाच्या मनात टीव्हीवरचा एक चेहरा होता. पण मामा नसतील तर पटकथा मिळणार नाही, असं म्हणून ती अडून बसली. तिचं ऐकलं गेलं, आणि आता ती रोज त्याची फळं भोगत होती.

दिग्दर्शकाला सगळे पाठीमागे 'पुढे' म्हणत, कारण तो दिवसभर तेवढंच म्हणायचा. शॉट झाला, पुढे. जेवण झालं, पुढे. कोणाला ताप आला, बरं, पुढे. आणि मामांचं सगळं कसब थांबण्यात होतं.

रंगमंचावर वाक्य टाकलं की हशा येतो. तो चढत असताना बोलायचं नसतं, वाक्य वाया जातं. तो पुरता विरेपर्यंतही थांबायचं नसतं, नाटक गार पडतं. तो उतरायला लागला की त्या उतारावर पुढचं वाक्य अलगद सोडून द्यायचं. मामांच्या हाडात हे मुरलेलं. पण इथे 'कान' बसलेला होता. कान म्हणजे आवाज टिपणारा माणूस. डोक्यावर हेडफोन, चेहऱ्यावर सुतकी कळा. शॉट चालू असताना कोणी हसलं तर ते हसू सिनेमात उतरणार, म्हणून तो कोणाला मोठा श्वासही घेऊ देत नसे.

तर मामा वाक्य टाकायचे आणि थांबायचे. हशा नाही. आणखी थांबायचे. समोर जावयाचं काम करणारा पोरगा बावचळून जायचा. त्याला वाटायचं, म्हातारबुवा वाक्य विसरले. तो हळूच मामांचं वाक्य मामांनाच पुरवायचा. मामा त्याच्याकडे असं बघायचे की पोरगा स्वतःचं वाक्य विसरायचा. आणि हशा आलाच नाही तर मुरलेला नट जे करतो तेच मामा करायचे: तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने.

"कट. पुढे," असं दिग्दर्शक सवयीने म्हणायचा, आणि मग त्याला आठवायचं की पुढे जाता येत नाहीये.

"मामा, थांबू नकोस," भाची म्हणाली.

"नाही थांबणार."

"मघाशीही तू हेच म्हणालास."

"मघाशी मी थांबलो नव्हतो. सासरा विचार करत होता."

"कसला विचार? तो बहिरा आहे."

"बहिरा नाहीये गं तो. तुला अजून नाटकच कळलेलं नाही."

भाचीने कपाळावर हात मारून घेतला आणि दृश्य सतरा पुन्हा उघडलं.

आधी तिने मोकळ्या जागा कामांनी बुजवल्या. वाक्य झालं की सासरा चष्मा पुसेल. पुढचं झालं की चप्पल शोधेल. म्हणजे थांबणं थांबल्यासारखं दिसणार नाही. मामांनी चष्मा पुसला, मन लावून पुसला, नाकावर नीट बसवला. आणि मग थांबले.

मग तिने सरळ विनोदच काढून टाकले. आजोबांचं लेखन, आणि सख्खी नात लाल पेन घेऊन त्यातली गंमत वेचत होती, गादीतले ढेकूण वेचावेत तशी. उरलं काय? 'बरं' आणि 'दार लाव'. मामा दाराकडे वळले. जावयाकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे पाहिलं. "दार लाव," म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत असं काही केलं की भाचीला दातांखाली ओठ धरावा लागला.

मग मामा थांबले.

"उद्या दुपारपर्यंत," दिग्दर्शक तिला बाजूला घेऊन म्हणाला, "सतरा झालं तर झालं. नाहीतर मी त्या टीव्हीवाल्याला बोलावतो. त्याला नाटक पाठ आहे."

"पाठ तर कोणालाही असेल."

"तो थांबत नाही. मला तेवढं पुरे."

ती मेकअपच्या खोलीत गेली तेव्हा मामा आरशासमोर बसून मिशी सोलत होते.

"काय करतोयस?"

"घाम येतो हिच्याखाली."

"मामा."

मामांनी मिशी आरशाच्या कडेला ठेवली. "हसत नाहीत गं ते."

"त्यांना हसायला बंदी आहे. शंभरदा सांगितलं. कान अंगावर येतो."

"माहीत आहे मला. डोक्याला कळतं, अंगाला कळत नाही. माणसं समोर उभी आहेत, मी बोललो, आणि नुसती शांतता. आजवर या शांततेचा एकच अर्थ होता." ते हनुवटी चोळत राहिले. "अण्णांचं नाटक संपलं असेल. होतं असं. किंवा मी संपलो असेन. त्या टीव्हीवाल्या पोराला बोलवा, तुझा तरी जीव सुटेल."

"माझा जीव सुटेल? मी त्या माणसाशी महिनाभर डोकं फोडलं ते कशाला? हवा खायला?"

"मी कुठे सांगितलं होतं फोडायला?"

भाचीच्या डोक्यात तिडीक गेली. रडवेला मामा तिने सांभाळला असता. हट्टी मामा तर ती लहानपणापासून सांभाळत आली होती. दोन्ही एकदम तिच्या कुवतीबाहेरचं होतं.

"मिशी चिकटव," ती म्हणाली. "उद्या सकाळी तुला हशा मिळेल. कसा ते मला विचारू नकोस, मलाही माहीत नाहीये."

सकाळपर्यंत माहीत झालं होतं. आधी तिने काढलेले विनोद सतरात जसेच्या तसे परत घातले. शेजारी कपडेपटाची खोली होती. तिथे एक मॉनिटर नेला, दाराला आतून गादी टेकवली, आणि ज्यांना सेटवर काम नव्हतं त्या सगळ्यांना आत कोंबलं. शिंपी, दोन ड्रायव्हर, मेकअपवाली, चहावाला. लाइटवाल्याने कॅमेऱ्याच्या बाजूला, मामांना दिसेल असा, एक छोटा बल्ब लावला आणि त्याचं बटण भाचीच्या हातात दिलं. खोलीतले हसले की बल्ब लागणार. हसणं उतरायला लागलं की विझणार.

"हा काय पोरखेळ?" दिग्दर्शकाने विचारलं.

"पोरखेळच आहे. दुपारपर्यंत चालू दे."

चालला. पहिल्याच वाक्याला ड्रायव्हर खिदळले, बल्ब लागला, आणि मॉनिटरवर मामांचे खांदे खाली आले. बल्ब विझला, मामा बोलले. गादीआड सगळे हसत होते, कान आपल्या जागी सुतकी चेहऱ्याने समाधानी होता, आणि 'पुढे' भराभर पुढे जात होता.

पण सिनेमात तेच दृश्य पुन्हा लांबून घेतात. मग बाजूने घेतात. मग जावयाच्या पाठीमागून. आणि मामांचा चेहरा, जवळून, सगळ्यात शेवटी. तोपर्यंत खोलीतल्यांना दृश्य तोंडपाठ झालं होतं.

"हसा की," भाची कुजबुजली.

"ताई, किती वेळा हसणार? आता जबडा दुखतोय."

शिंप्याने तोंडातल्या टाचण्यांकडे बोट दाखवलं. एक ड्रायव्हर झोपला होता.

आणि नेमकी किल्लीची जागा आली. घरभर किल्ली शोधून सगळे दमलेत. जावई स्वतःशी पुटपुटतो, "गेली तरी कुठे ही?" आणि सासरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणतो, "कपाटाखाली."

खोलीत कोणी हूं की चूं केलं नाही.

भाचीने बटण दाबलं. लहानपणी विंगेत लोखंडी पेटीवर बसून तिने हा हशा इतक्यांदा ऐकला होता की तो तिला चालीसकट पाठ होता: आधी फुटायचा तो मोठा, मग जरा दम, आणि वर्तमानपत्र इंचाइंचाने खाली येऊ लागलं की दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा. तिने तेवढं सगळं मनात ऐकलं आणि तेवढा वेळ बल्ब जळत ठेवला. मॉनिटरवर वर्तमानपत्र खाली आलं. मागे मामांचा चेहरा होता, आणि त्यावर काहीही हलत नव्हतं. आपलं सोंग आपल्याच हातून फुटलंय हे कळलेल्या माणसाची ती भीती थिएटरच्या शेवटच्या रांगेतून कधीच कोणाला दिसली नसणार. तिने बटण सोडलं.

"कोणी काही म्हणालं का?" मामांनी सासऱ्याचं पुढचं वाक्य टाकलं.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. 'पुढे' म्हणायचं राहूनच गेलं. मग त्याने हाताखालच्या माणसाला सांगितलं, "त्या टीव्हीवाल्याला कळव, गरज नाही. पुढे."

भाची गादी सरकवून बाहेर आली तेव्हा मामा वर्तमानपत्राची घडी घालत होते.

"शेवटचा खोटा होता," ते म्हणाले.

"कशावरून?"

"फार नीट विझला. खरा हशा असा शहाण्यासारखा संपत नाही. मागच्या रांगेत एक जण असतो, त्याला सगळ्यात शेवटी कळतं. तो एकटाच हसतो. आपण त्याच्यासाठी जरा थांबायचं असतं."

"मामा, कृपा करून त्याच्यासाठी थांबू नकोस."

"बरं." ते निघाले, दारात वळले. "उतार मात्र चांगला धरलास. अण्णांनाही असा धरता यायचा नाही. उद्या त्या मागच्या रांगेतल्याला तेवढं विसरू नकोस."

"उद्या अठरावं दृश्य आहे. त्यात तू झोपलेला आहेस."

"मग तर तो हमखास हसतो," मामा म्हणाले आणि चहा घ्यायला गेले. भाची भिंतीला डोकं टेकून उभी राहिली.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी पहिला टेक बाद झाला होता, तो मामांच्या वाक्याला खुद्द कानच हसला म्हणून.