उजव्या कानाची गाठ

"दाब जाणवेल, दुखणार नाही," म्हणत डॉक्टरांनी डोक्यावर बसवलेल्या फ्रेमचा कपाळावरचा दुसरा स्क्रू आवळला. जागा बधिर केली होती, तरी कवटी चिमट्यात धरल्यासारखी तिला वाटली. दारात उभ्या नवऱ्याने तोंड फिरवलं.

अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये ती लग्नाआधीपासून फोन घेत होती. एकदा एका बाईचा फोन आला. आवाज येत होता, पण शब्दच लागेनात. तिने रिसीव्हर डाव्या कानाला लावला आणि पत्ता लख्ख कळला. गाडी वेळेत पोचली. त्यानंतर तिने उजव्या कानाला फोन लावला नाही, कुणाला सांगितलंही नाही. पुढे चालताना भिंत धरावी लागली, तेव्हा नवऱ्याने तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

ऐकण्याच्या नसेवर गाठ होती. कॅन्सरची नव्हे, पण मेंदूच्या दिशेने वाढणारी. कवटी न उघडता गाठीवर किरणांचा नेमका मारा करता येणार होता. गाठ जाणार नाही, वाढायची थांबेल. कानाची मात्र खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्या आल्या नवऱ्याने नळाची तोटी खोलायला घेतली.

डोक्यावरची ती फ्रेम आता मशीनच्या पलंगाला जोडली. मान तसूभर हलेना. दार बंद झालं. कळ नाही, उजेड नाही, काही होतंय असंही नाही. नाकाला खाज सुटली, हात मात्र उचलायचा नव्हता. 'घाबरू नका, माणसं निघालीत,' हे ती रोज फोनवर सांगायची. तेच स्वतःला सांगताना हसू फुटलं आणि स्क्रू टोचले.

वर्षभराने तपासणीत गाठ होती तेवढीच होती. मग उजव्या कानाची चाचणी झाली. आवाज आला की बटण दाबायचं होतं. ती बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिली. तपासनीस बाईंनी हेडफोन काढले.

"झालं."

"सुरू कधी केलंत?" तिने विचारलं.

बाईंनी हेडफोन खुंटीला अडकवले.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, नवरा तिच्या उजवीकडे. दवाखान्यातूनच त्याचे सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले होते: गाठ थांबली, बाकी काही नाही. बस बोगद्यात शिरली. सगळीकडे घरघर भरली आणि काचेत दोघं दिसू लागली. नवरा तिच्या उजव्या कानाशी वाकला होता. त्याचे ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते.

त्याचं बोलून होईपर्यंत तिने मान वळवली नाही.