उलट्या लादीचा निकाल

"काका, ह्या दगडावर जराशी झोपून पाहू काय?"

दीक्षा आणि रागिणी या मैत्रिणींनी पैज लावली होती, की प्रियदर्शनीची हा प्रश्न विचारायची हिंमत होणार नाही. झाली. अकोल्याच्या ग्रॅनाइटच्या दुकानात, आईबाबांच्या देखत, भर मे महिन्यात, मालक खुशालराव चहाची बशी तोंडाला लावून बसले असताना झाली.

तसं यात हसण्यासारखं काही नव्हतं. वऱ्हाडात उन्हाळ्याची दुपार माणूस उघड्या फरशीला पाठ टेकूनच काढतो. मग जी जन्मभर पाठीला लागणार, ती नुसता हात फिरवून कशी घ्यायची? पण खरं दुखणं वेगळंच होतं. नव्या घराची फरशी होळीपासून अडली होती. बाबांना आरशासारखं पॉलिश पाहिजे. पाहुण्यानं आत पाय ठेवला की त्याला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. आईला लेदर फिनिश, म्हणजे चामड्यासारखं खरबरीत, हळद सांडली तरी न दिसणारं. दोघंही हटेनात, आणि दहावीत गेलेली प्रियदर्शनी मामाच्या घरी फ्रिजपाशी अंथरूण टाकत होती. फ्रिज मामापेक्षा जास्त घोरायचा. स्वतःची खोली बांधून तयार, फक्त तिला जमीन नव्हती.

"झोप ना बाई. दगडच आहे, मोडते थोडाच," खुशालराव म्हणाले.

ती पॉलिशवर आडवी झाली. पोरगी आपल्या बाजूची निघाली म्हणून बाबा खुशीनं शेजारच्या लादीवर पसरले. आईनं लगेच लेदरवर मुक्काम ठोकला. अकोटहून आलेलं एक जोडपं आधी हसलं, मग तेही लवंडलं. कूलर चालू होता. खुशालरावांनी दुकानभर झोपलेल्या गिऱ्हाइकांवर एक नजर टाकली आणि ते स्वतः कडप्प्यावर कलंडले.

जाग आली तेव्हा आईच्या गालावर लेदर फिनिश उमटलं होतं. बाबांची तक्रार, की पॉलिशमध्ये आपलंच तोंड समोर येते, झोप लागत नाही. त्यांचं घोरणं मात्र अकोटवाल्यांनीही ऐकलं होतं. तरी दोघं आपापली लादी सोडायला तयार नव्हते.

प्रियदर्शनीची लादी अंगाखाली तापली होती. तिनं खुशालरावांना हाताशी घेतलं आणि उशी उलटवावी तशी ती उलटवली. मागची बाजू थंडगार. नुसते करवतीचे ओरखडे, चमक नाही की काही नाही. खुशालराव कळवळून सांगायला लागले, की ही बाजू सिमेंटमध्ये जाते, तिच्याकडे आजवर कोणी पाहिलंसुद्धा नाही.

प्रियदर्शनी त्याच बाजूवर ऐसपैस पसरली आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, तुमचं पॉलिश पक्कं. आई, तुझं खरबरीत बी पक्कं. फरशी उलटी बसवाची. चमक खालून राहीन, डाग वरून दिसणार नाही. आन् येत्या रविवारपासून मी माझ्या खोलीत झोपाले जाऊन राहिली."