निंदून काढलेलं लॉन

प्रसेनजितनं पुण्यात जाऊन बागरचनेचा कोर्स केला होता, आणि मंगरूळपीरच्या एका नर्सिंग कॉलेजचं आवार हे त्याचं पहिलंच काम. संस्थेचे अध्यक्ष रामराव यांना लॉन पसंत पडलं तर जवळच्याच मालेगावच्या त्यांच्या शाळेचं आवारही त्यालाच मिळणार होतं. नाही पडलं, तर गावी अनसिंगला परत, काकाच्या मोटरपंप दुरुस्तीच्या दुकानात. उन्हात टिकावी म्हणून त्यानं लॉनसाठी हरळी लावली आणि तीन महिने पोटच्या पोरासारखी जपली.

पाहणीच्या सकाळी त्यानं आईला, विमलबाईला, तिच्यासोबत निंदायला जाणाऱ्या दहाबारा बायांसकट ऑटोत घालून आणलं. "माय, थोडी साफसफाई कर. मी झेंडूच्या कुंड्या घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. चुकलं ते इथंच. जिची चाळीस वर्षं वावरातलं तण उपटण्यात, निंदणात गेली, तिला हरळीसमोर उभं करून कोणी साफसफाई सांगतं का?

दोन तासांनी येऊन बघतो तर काळीभोर उघडी जमीन आणि कडेला हरळीचे ढीग. त्याच्या हातातली कुंडीच पडली.

"माय! हे काय केलं?"

"मुळासकट काढली," विमलबाई घाम पुसत म्हणाली. "किती माजू देली तू! लोक म्हणतीन, विमलबाईच्या पोराले निंदता येत नाही."

"अवं, मीच लावली होती थे!"

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मग म्हातारी नानीबाई हळूच म्हणाली, "विमल, पोराले दवाखान्यात दाखव वं."

तेवढ्यात रामरावांची गाडी आली. आता धरणीनं पोटात घ्यावं असं प्रसेनजितला वाटलं. साठ एकरांचे मालक रामराव खाली वाकले, एक ढेकूळ फोडलं आणि खूश झाले.

"शाब्बास! मांगच्या हप्त्यात पाह्यलं त् सारी हरळीच हरळी. म्या म्हटलं, पोट्टा आळशी हाये, हाकलूनच देतो. आज वावर कसं आरशावानी! मालेगावचं काम तुलेच."

प्रसेनजितनं तोंड उघडलं. विमलबाईनं कोपरानं ढोसलं.

"पण त्या नकाशात हिरवं दाखवलं होतं," रामरावांनी विचारलं, "थे तूरच ना?"

प्रसेनजितनं ढिगांकडं एकवार पाहिलं.

"हो जी. तूर."

मालेगावचा नकाशा काढायला बसला तेव्हा हिरवा रंग हातात धरून त्यानं आधी आईलाच हाक मारली, "माय, शाळेपुढं काय पेरू?"