परत येण्याचं कारण

"नवरा हयात आहे का?" फॉर्मवाल्याने स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं.

"असेल," सुईताई म्हणाली.

"असेल असा पर्याय नाही इथे."

सुईताई म्हणजे कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त काढणारी बाई. रोज सकाळी उपाशीपोटी माणसं तिच्यापुढे बाही वर करून बसत, आणि ती हवापाण्याच्या गप्पा मारता मारता सुई टोचून मोकळी होई. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येई. तिची मुलगी परदेशात होती. दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं आणि जावयाला रजा मिळत नव्हती. आई, ये, एवढंच मुलगी फोनवर म्हणाली होती. ती सहसा काही मागणाऱ्यांतली नव्हती, म्हणूनच सुईताईच्या जिवाला घोर लागला होता.

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि गल्लीतली सगळी परदेशवारी झेरॉक्सच्या या दुकानातूनच सुरू होत असे. अर्जाचं पहिलं पान सुरळीत झालं. गाडं अडलं ते नवऱ्यापाशी. मुलगी शाळेतही जात नव्हती तेव्हा तो कामधंदा बघायला म्हणून गेला तो गेलाच. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याचीही नाही. सुईताईने वाट पाहणं केव्हाच सोडलं होतं, तिला कामं होती. वाट पाहायचं खातं सासूकडे होतं.

विवाहित लिहिलं की अर्ज नवऱ्याचा पत्ता मागे आणि तो रकाना रिकामा ठेवला की पुढे सरकत नसे. विधवा लिहिलं की मृत्यूचा दाखला मागे. फॉर्मवाल्याने 'विभक्त'वर बाण नेला तेव्हा सुईताईनेच त्याला थांबवलं. घरात म्हातारी आहे, तिच्या कानावर गेलं तर ती अन्नपाणी सोडेल, असं ती म्हणाली.

"मग घरचाच पत्ता टाकू," फॉर्मवाला म्हणाला. "उलट बरं. नवरा मागे घरात आहे म्हटलं की तिकडचे निर्धास्त होतात. बाई परत येणार."

सुईताईला हसू फुटलं. जो घरातून गेला तो फिरकला नाही, तोच आता तिच्या परत येण्याला जामीन राहणार होता. उद्या सांगते म्हणून ती उठली.

सासू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बाई तोंडाची फटकळ. मुलाबद्दल कुणी वावगं बोललं तर त्याची धडगत नसे. सुईताईने भीत भीतच अर्जाचं सांगितलं, पत्त्याचंही सांगितलं. सासूने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"राहत नाही तो इथे," ती म्हणाली. "सोडून गेला, असं लिही. खोट्यापायी पोरीचं काम अडायला नको."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. सुईताईला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"मग परत कशासाठी येणार, ते विचारतात," ती म्हणाली.

"मी आहे की." मग सासू जरा चाचरली. "चालत असेल तर."

नात्यांच्या यादीत सासू नव्हतीच, म्हणून फॉर्मवाल्याने 'इतर' निवडलं. कारण लंगडं आहे, नंतर मला बोल लावू नका, असं त्याने बजावलं आणि अर्ज पाठवून दिला. पुढचे दिवस सुईताईने ढकलले. एका म्हाताऱ्याला तिला दोनदा टोचावं लागलं, तेव्हा लॅबमधल्या सगळ्यांनी माना वर करून पाहिलं. अखेर व्हिसा मंजूर झाल्याचा कागद घेऊन फॉर्मवाला स्वतः धावत आला आणि कारण आपणच कसं नेमकं मांडलं होतं ते सांगत राहिला.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती. रात्री सोबतीला शेजारीण येणार होती. सुईताईने गोळ्यांच्या डब्या पुन्हा एकदा समजावून सांगितल्या आणि परतीची तारीख सांगायला तोंड उघडलं.

"तारीख नको," सासू म्हणाली. "तो तारीख सांगून गेला होता. त्याच्याकडे किल्ली आहे म्हणून अजून मी आतून कडी लावत नाही. तुला ठाऊक आहे."

परक्या देशाने सुईताईकडून परत येण्याची हमी लिहून घेतली होती, आणि जिला ती द्यावी असं तिला मनापासून वाटत होतं ती घ्यायला तयार नव्हती.

"आलीस की दार वाजव," सासू म्हणाली. "मी उठून उघडेन."

सुईताई बॅग घेऊन बाहेर पडली. ती अर्धा जिना उतरली तेव्हा वरून कडीचा आवाज आला. कडी गंजली असावी, ती एकदम बसेना. सासू जोर लावत होती, थांबत होती, पुन्हा लावत होती. खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. सुईताई हातात बॅग धरून तिथेच उभी राहिली आणि कडी बसल्यावर मग उरलेल्या पायऱ्या उतरली.