मधली की काठची

जुना दगडी रेल्वेपूल उतरवायला घेतला, तसा म्हातारा पाथरवट रोज नदीकाठी जाऊन बसू लागला. घरी तरी कोण होतं वाट बघायला? बायको गेलेली, मुलगी परमुलखात. कामावरचा मुकादम चेष्टेने म्हणे, “बाबा, तुमचीही हजेरी लावू का?”

कोळशाच्या इंजिनापासून विजेच्या गाडीपर्यंत सगळ्यांचा भार या पुलाने मुकाट वाहिला होता. त्याच्या एका कमानीच्या माथ्याचा दगड म्हाताऱ्याच्या आज्याने घडवलेला. त्या काळचे पाथरवट आपली खूण दर्शनी बाजूला कोरत नसत, चुन्यात बुजणाऱ्या अंगावर कोरत. काम दिसावं, कामकरी नाही, अशी रीत. आज्याची खूण म्हणजे मासोळी. पण कमान कुठली, हे सांगायचं बापाकडून राहून गेलं आणि दोघा भावांना भांडायला आयतं कारण मिळालं. थोरला म्हणे मधली, धाकटा, म्हणजे हा म्हातारा, म्हणे काठची. एकदा जेवताना शब्दाने शब्द वाढला. थोरला भरल्या ताटावरून उठला आणि बायकोला घेऊन नदीपलीकडे राहायला गेला. इतके पूर आले, पुलाचा चिरा हलला नाही. हे दोघे मात्र एका दगडापायी तुटले. सुंभ जळला तरी पीळ जाईना. गेल्या वर्षी थोरला वारला, तेव्हाही धाकटा लोकांच्या मागे उभा राहून तसाच परतला.

काठच्या कमानीचा दगड खाली आला. म्हाताऱ्याने चुना खरवडला. अंग कोरं होतं. मग मधल्या कमानीचा उतरला, आणि त्यावर मासोळी, काल कोरल्यासारखी.

उभा जन्म ज्या हरण्याला तो भ्याला, ते असं समोर आलं; आणि ‘बघ, सांगत नव्हतो?’ म्हणायला कुणी उरलं नव्हतं. दगडावर हात ठेवून तो रडला. मग तडक उठला आणि नावेने पलीकडे गेला.

वहिनी मटार सोलत बसली होती. दारातूनच तो म्हणाला, “वहिनी, दादाचंच खरं निघालं. मधलीच कमान.”

“त्याचं आता काय घेऊन बसलात, भावोजी?” ती म्हणाली. “ते केव्हाचे हरायला तयार होते. म्हणायचे, धाकटा एकदा दारात येऊ दे, काठचीच म्हणून मोकळा होतो.”

तिने पाट पुढे सरकवला. “बसा की.”

पण त्याच्याने उंबरा ओलांडवेना.