मनकर्णाने कबूल केलेली सुरी

"टमाटरले चांगली आहे," खुशाल सुरी तळहातावर तोलत म्हणाला. "भोपळ्यात वाकन."

त्याची लेक दिव्यानी चंद्रपूरकडच्या एका कारखान्यात प्रेसवर होती. पत्र्याची पट्टी सरकवायची, पेडल दाबायचे, की सुरीचा आकार कापून खाली, मिनिटाला बारा. त्यातलीच एक तिने आणली होती.

"तुमी एकटे दुसरी कशी बनवान, बाबा?"

प्रश्न बरोबर होता. एका हाती सांडशी, दुसऱ्या हाती हातोडी. घण मारायला तिसरा हात कुठून आणायचा? एटापल्लीच्या या भट्टीवर एकतीस वर्षे घण मारला तो त्याच्या बायकोने, मनकर्णाने. महिन्यापूर्वी ती तापाने गेली. खुशाल रडला नाही. लोक म्हणाले, माणूस मनाचा घट्ट आहे. घट्ट कसला! त्याला काही वाटतच नव्हते. वाढले की जेवायचा, अंधारले की आडवा व्हायचा. भट्टी तेव्हापासून बंदच होती.

आज ती पेटवली सोमारीबाईंसाठी. डोंगरापलीकडच्या आश्रमशाळेत त्या स्वयंपाक करीत. दीडशे पोरांचा भोपळा चिरायला त्यांनी जड सुरी सांगून ठेवली होती आणि मनकर्णाने आजच्या बाजाराचा वायदा केला होता. बायकोचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढे एकच खुशालच्या डोक्यात होते.

"मंग मी मारतो घण," म्हणत दिव्यानीने पदर खोचला.

खुशालने जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचा पोलादी तुकडा लालभडक करून ऐरणीवर ठेवला. ऐरणीपाशी बोलायचे नाही, ही घरची रीत. हातोडी जिथे पडेल तिथे मागोमाग घण पडायचा. हातोडी ऐरणीच्या काठावर वाजली की घण थांबायचा. नवराबायकोची भांडणेसुद्धा तिथेच मिटत. सकाळी अबोला, दुपारी ठक्-धम्, संध्याकाळी वांग्याची भाजी.

पोरीचा हात मजबूत होता. पाते सरळ उतरत आले. खुशालने काठावर हातोडी वाजवली, आणि त्याच क्षणी घण आणखी एकदा पडला. पात्याचे टोक कागदासारखे पातळ होऊन फाटले.

"चुकलं का, बाबा?"

"काठावर वाजलं की तुही माय थांबे."

"मले कोणी सांगतलंच नाई."

खरेच होते. 'तू शाळेत जाय, हे नको शिकू,' असे मनकर्णाच म्हणायची.

सूर्य डोक्यावर येत होता. खुशालने दुसरा तुकडा निखाऱ्यात घातला. तो लाल झाल्यावर मात्र त्याला तोंड उघडावे लागले.

"इथी मार. अजून. हळू... बस."

प्रत्येक ठोक्याला बोलावे लागत होते, आणि प्रत्येक वेळी मनकर्णा नसल्याचे नव्याने कळत होते. पाते मात्र नीट आले. त्याने धारेला पाणी दिले, ती दगडावर घासली, सागाची मूठ बसवली.

सोमारीबाई घाईघाईतच आल्या. बस लागलेली होती. सुरी हातात घेताच त्यांचा चेहरा खुलला.

"वजन बराबर आलं, भाऊ. काऊन, मनकर्णाबाई नाई दिसून राह्यल्या?"

डोंगरापलीकडे बातमी पोचलीच नव्हती. दिव्यानी काही बोलणार, तोच खुशाल म्हणाला, "घरी नाई."

"मंग त्याइले सांगजा, सोमारी खूश झाली म्हणून. त्याइच्या हाताचा घण मले समजते."

दिव्यानीने मान खाली घातली.

"सांगतो," खुशाल म्हणाला.

बाईंनी सुरी फडक्यात गुंडाळली आणि त्या लगबगीने निघाल्या. बस वळणाआड जाईपर्यंत खुशाल दारात उभा होता. मग तो आत आला, ऐरणीपाशी बसला आणि लेक ऐकते आहे याची पर्वा न करता त्याने मनकर्णाला निरोप सांगून टाकला.